न बोलावता

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या पोरक्या भाचीला वैद्यकी शिकवत होते. वेणू तिचे नाव. मामांच्या घरी आली तेव्हा ती लहानगी होती, आता तिचे सोळावे सरत आले होते. मुळ्या ओळखणे, काढा उकळणे, नाडीवर बोट ठेवणे, सारे तिने मन लावून आत्मसात केले होते. मामांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही, आणि गावाला याचेच केवढे कौतुक! मुलगी ऐकते म्हटले की तिला आणखी काही विचारावे, असे आपल्यापैकी कुणाला वाटतच नाही.

मामांचा एक नियम होता, त्यांच्या गुरूंकडून आलेला. वैद्याने न बोलावता रोग्याच्या दारी जाऊ नये.

त्या वर्षी ऐन थंडीत मामा दूरच्या गावी एका रोग्याकडे गेले आणि तिथेच अडकून पडले. इकडे कुंपणापलीकडे भागूबाईचे तान्हे खोकू लागले. भागूबाई काही बोलावणार नव्हती. मागल्या वर्षी तिचा नवरा मामांचे औषध चालू असतानाच गेला होता, आणि या वैद्याची पायरी पुन्हा चढणार नाही, असे ती चारचौघांत बोलून बसली होती.

तान्ह्याचा खोकला दिवसेंदिवस खोल जाऊ लागला. वेणूला तो आवाज कळत होता. तिने परसातला अडुळसा खुडला, काढा केला, वाटी घेऊन कुंपणापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. नियम आठवला, परत फिरली. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. त्यानंतरच्या पहाटे खोकला थांबला आणि भागूबाईचा हंबरडा ऐकू आला.

मामा परतले तेव्हा वेणूला रडू आवरेना. "मामा, काढा घेऊन दोनदा कुंपणापर्यंत गेले, मला जावंसं फार वाटत होतं हो. पण मी तुमचा नियम मोडला नाही."

तिला वाटले, मामा डोक्यावरून हात फिरवतील. मामांनी औषधांचा बटवा खाली ठेवला. पायही न धुता ते तसेच वळले आणि भागूबाईच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसले. हाती औषध नाही, कुणी बोलावलेले नाही. भागूबाईने तोंडाला येईल ते सुनावले. म्हाताऱ्याने मान खाली घालून सारे ऐकून घेतले आणि दिवस मावळल्यावर तो घरी आला.

वेणू गोंधळून गेली होती. "न बोलावता गेलात, मामा? आणि आता जाऊन काय उपयोग?"

"काही नाही," मामा म्हणाले. "माझ्या गुरूंनी तो नियम लोभी वैद्यांसाठी केला होता. श्रीमंताचं पोट दुखलं की न बोलावता दारात हजर होणाऱ्यांसाठी. हे मी तुला कधी सांगितलंच नाही. तू लहान होतीस, तेव्हा नुसता नियम पुरत होता. पुढं तू वाढलीस आणि मी बाळाचीच मात्रा देत राहिलो. कुंपणाशी तुला आतून कुणी 'जा' म्हणत होतं ना?"

"म्हणत होतं. मला वाटलं, तो माझा उद्धटपणा आहे."

"ती तुझी विवेकबुद्धी होती, बाळ. तिला उद्धटपणा म्हणायला मीच शिकवलं."

"म्हणजे माझी चूक नाही ना, मामा?"

वेणूने हे इतक्या आशेने विचारले की मामांचे डोळे भरून आले. 'नाही' म्हणणे किती सोपे होते!

"आहे," ते म्हणाले. "पोर वाचलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पण जायला हवं होतं. माझी चूक मी पदरात घेतो, तुझी घेणार नाही. तीही घेतली, तर पुढच्या खेपेला तू पुन्हा माझ्याच तोंडाकडे बघशील."

त्यानंतर कितीतरी दिवस वेणू कुणाशी धड बोलली नाही. तिला मामांचा रागही आला, आणि तो रास्तच होता.

थंडी ओसरता ओसरता कुंपणापलीकडून पुन्हा खोकला ऐकू आला. या वेळी भागूबाईचा. मामा खलात औषध घोटत होते.

"मामा, जाऊ?"

ओठांवर आलेला 'जा' मामांनी गिळला आणि ते घोटतच राहिले. वेणूने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग उठून तिने अडुळसा खुडला.

भागूबाई दाराशी भिंतीला टेकून बसली होती. तिने वाटीकडे पाहिले, मग वेणूकडे.

"तवा का न्हाई आलीस गं?"

मामा घरी नव्हते, नियम होता, कुणी बोलावले नव्हते. वेणूजवळ सगळी उत्तरे होती आणि त्यांतले एकही खोटे नव्हते.

"चुकलं माझं, काकी," ती म्हणाली.

भागूबाईने तोंड फिरवले. वाटी घेतली नाही, आणि जा असेही म्हणाली नाही. वेणू उंबऱ्याशी बसून राहिली. काढा पार निवत आला, तेव्हा कुठे भागूबाईने हात पुढे केला.