मूर्तीशेजारची जागा

“...आणि मला सांगा भंते, भरून जाते आणि रिकामी परत येते, त्या गाडीचा धूर कुणाच्या उपयोगाचा?”

भंते शीलरत्न चीवराला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी दोरा दाताने तोडला. 

प्रज्योत खोब्रागडेला उत्तराची गरज नव्हती. हा प्रश्न तो सभांमधून विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा.

कॉलेजात असताना तो याच विहारात ध्यान शिकायला यायचा. नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून असलेला हा लहानसा विहार. तेव्हा तो एस.टी.ने यायचा. आता नागपुरात त्याची स्वतःची कंपनी होती. एखादा ट्रक चंद्रपूरला अर्धा भरून चालला असेल, तर उरलेल्या जागेत कुणाची शिलाई मशिनं, कुणाची मिरचीची पोती बसवून द्यायची. परतीला रिकामा येणार असेल, तर तिकडून माल शोधून ठेवायचा. लहान माणसाला अख्खी गाडी करावी लागत नाही, भाडं वाटलं जातं. डिझेल वाया जात नाही आणि रस्त्यावर तितक्याच गाड्या कमी धावतात.

“माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीत जागा वाया गेली असं होत नाही, भंते. लोक तसं बोलूनच दाखवतात.”

भंतेंनी सुई ठिगळाच्या कडेला खोचली. फाटकाबाहेर निंबाच्या सावलीत एक ट्रक उभा होता. त्यांनी तिकडे पाहिलं.

“आज गाडी घेऊन आलास.”

“हो. मूर्ती आहे. चंद्रपूरच्या वाटेवर पिंपळखुटी आहे ना, तिथल्या नव्या विहाराला माझ्या बाबांच्या नावाने दान देतोय. जाताना आधी तुमच्या दारात आणावी म्हटलं.”

“मोठी आहे?”

“माणूस बसल्याएवढी. संगमरवरी.”

“आणि गाडी?”

“गाडी... बरीच मोठी आहे.”

“मूर्तीसोबत काय आहे?”

“काही नाही.”

भंतेंनी पुन्हा ट्रककडे पाहिलं. प्रज्योतलाच मग बोलावं लागलं.

“मुद्दाम काही घेतलं नाही, भंते. भगवान बुद्धांच्या शेजारी मिरचीची पोती कशी ठेवायची? बाकीची जागा मी मानासाठी सोडलीय.”

“मानाला किती जागा लागते?”



भंते उठले. चीवर घडी करून ओट्यावर ठेवलं आणि फाटकाकडे चालू लागले.

ट्रकचा ड्रायव्हर शमीमभाई सावलीत बसून डबा खात होता. भंतेंना पाहून त्याने हात धुतले आणि मागचा फाळका खाली सोडला.

मूर्ती केबिनच्या बाजूला गोधड्यांत गुंडाळून, दोरांनी आवळून ठेवलेली होती. तिच्यापुढे ट्रकचा रिकामा पत्रा मागेपर्यंत पसरला होता.

“रस्त्यात हलली का?” भंतेंनी विचारलं.

शमीमभाईने प्रज्योतकडे पाहिलं, मग खाली. “हलली थोडीशी. दोर कसले मी मधात थांबून. पण पकडाले काईच नव्हतं तिले.”

प्रज्योत वर चढला. त्याने गोधडी बाजूला केली. मूर्तीच्या उजव्या गुडघ्यावर संगमरवराचा टवका उडाला होता. आतला दगड कोरा, पांढरा दिसत होता.

त्याने त्यावर बोट ठेवलं. भरल्या गाडीत माल हलत नाही, रिकाम्या गाडीत तो आपटतो, हे तो स्वतः व्यापाऱ्यांना समजावून सांगायचा.

“पुढचा रस्ता याहून खराब आहे,” तो हळूच म्हणाला. “ही पोचेपर्यंत...”

 पिंपळखुटीला संध्याकाळी मिरवणूक होती. आई सकाळीच तिकडे गेली होती.

भंते म्हणाले, “विहारामागे वच्छलाबाई राहते. तिला चंद्रपूरला माल पाठवायचाय.”

“मग आमच्याकडे नोंदवायचा.”

“नोंदवला होता. तुमच्याकडून नकार आला.”

“कसला माल?”

“चपला. चामड्याच्या.”

प्रज्योतच्या ध्यानात आलं. “चामडं आम्ही घेत नाही, भंते. एका व्यापाऱ्याच्या पोह्यांना वास लागला होता. फार तक्रार झाली. तेव्हापासून नियमच केला.”

“पोहे नसले तरी?”

“नियम सगळ्यांना सारखा.”

भंतेंनी मान हलवली. पटल्यासारखी नाही, नुसतं ऐकल्यासारखी. मग ते विहाराला वळसा घालून मागे गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या मागे वच्छलाबाई होती. पन्नाशीची, उंच, कामाने राठ झालेल्या हातांची बाई. वस्तीतल्या काही बायांना हाताशी धरून ती चपला शिवायची. चंद्रपूरच्या एका दुकानदाराने पहिल्यांदाच मोठी ऑर्डर दिली होती. उद्या सकाळपर्यंत माल पोचला नाही तर तो प्लास्टिकच्या चपला भरून मोकळा होणार होता. स्वतंत्र टेम्पो केला असता तर तिची सगळी कमाई भाड्यातच गेली असती. तिच्या डोक्यावर एक गठ्ठा होता आणि ती भराभर चालत होती.

ट्रकजवळ आली, आत पाहिलं, आणि तिचा पाय थबकला.

“नाई भंतेजी. यांच्याजवळ नाई ठेवत मी.”

“का?”

“जोडे हायेत ते. लोकायच्या पायातले. देवमाणसाजवळ कसे ठेवू?” ती प्रज्योतकडे वळली. “राहू द्या साहेब. माहं मी पाहून घेईन.”

प्रज्योतला सुटल्यासारखं वाटलं. त्याचं त्यालाच ते आवडलं नाही.

“बाई,” भंते म्हणाले, “यांच्या गुडघ्याला लागलंय.”

“कोणाच्या?”

भंतेंनी मूर्तीकडे बोट केलं. वच्छलाबाईने वाकून पाहिलं. तिच्या तोंडून हलकासा आवाज निघाला, पडलेल्या लेकराकडे पाहून निघतो तसा.

“तुझ्याकडे मऊ काय आहे?”

“मऊ...” तिने इकडे तिकडे पाहिलं. “हेच गठ्ठे हायेत, भंतेजी. चिंध्याइत बांधेल हायेत.”

तिच्या डोक्यावरचा गठ्ठा भंतेंनी दोन्ही हातांनी उतरवून घेतला. शमीमभाईने हात दिला, तसे ते ट्रकमध्ये चढले. गठ्ठा घेऊन मूर्तीपर्यंत गेले, खाली बसले आणि टवका उडालेल्या गुडघ्याशी तो नीट टेकवून ठेवला. आजाऱ्याच्या पाठीशी उशी द्यावी तसा.

ट्रकमध्ये चामड्याचा आणि तेलाचा वास पसरला.

 महामार्गावरून एक रिकामा ट्रक खडखडत गेला.

मग प्रज्योत खाली उतरला. “बाकीचे कुठे आहेत?” त्याने वच्छलाबाईला विचारलं.

ती पुढे आणि तो मागे, असे दोघं गेले. गठ्ठा पाठीवर घेताना त्याला तो नीट घेता येईना. त्याचे वडील जन्मभर नागपूरच्या बाजारात हमाली करत होते. पोराने अभ्यास करावा म्हणून त्यांनी त्याला कधी साधी पिशवी उचलू दिली नव्हती. वच्छलाबाईने मागून गठ्ठा वर सरकवून दिला.

“मानेवर नाई घ्याचं, पाठीवर घ्या,” ती म्हणाली.

खेपा झाल्या. गठ्ठे मूर्तीच्या दोन्ही बाजूंनी आणि पुढून बसले. शमीमभाईने मूर्तीला खांदा लावून जोर दिला. ती जागची हलली नाही.

“माह्या वाटचं भाडं सांगा,” वच्छलाबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. “फुकट नाई नेत मी.”

“सगळ्यांना लागतं तेवढंच लागेल, मावशी.”

“मग ठीक हाये.”

प्रज्योतने ऑफिसला फोन लावला. “तो चामड्याचा नियम बदला,” तो म्हणाला. “पोह्यांबरोबर नाही द्यायचं. बाकी कशाहीबरोबर जाईल.” पलीकडून काहीतरी विचारणा झाली. “हो,” तो म्हणाला, “मी बोललो म्हणून सांगा.”

फाळका वर गेला, साखळी लागली. शमीमभाई केबिनमध्ये बसला. वच्छलाबाई त्याच्या शेजारी बसली. माल दुकानात पोचता करूनच ती परतणार होती.

प्रज्योतने भंतेंना वंदन केलं, पण निघाला नाही. ट्रकच्या दाराशी घुटमळत राहिला.

“भंते... पिंपळखुटीला सगळं गाव उभं असेल. फुलं, बँड, पंचशील ध्वज घेतलेली मुलं. माझी आई पुढे असेल. फाळका पडला की मूर्तीच्या आधी त्यांना हे गठ्ठे दिसतील.”

“हो.”

“ते विचारतील. मी त्यांना काय सांगू?”

भंते ओट्यावर जाऊन बसले. चीवर मांडीवर पसरलं. सुईत दोरा ओवायला त्यांना वेळ लागला. प्रज्योत उभा होता.

“विहाराच्या दारात सांगतात तेच सांग,” ते म्हणाले. “आधी चपला उतरवा.”