दोन गोल ओटे

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडं जायचं तर नावाड्याची मर्जी सांभाळावी लागे.

खाडीच्या अलीकडं एका गावात एक मिस्त्री राहत होता. तो बांधील ती भिंत सरळ, तो काढील ती कमान डौलदार, आणि हे सगळं त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. गावात मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी अशा तीन आळ्या होत्या. मिस्त्री त्यांतल्या कोणत्या आळीचा, ते मी सांगणार नाही. सांगितलं, की तुम्ही गोष्ट पुरी ऐकायच्या आधीच निकाल देऊन मोकळे व्हाल.

एका वर्षी खाडीला पूर आला आणि तिन्ही आळ्यांची प्रार्थनाघरं वाहून गेली. नवी बांधायला उंचावरची कोरडी जागा एकच उरली होती. तिच्यावरून भांडण जुंपलं. मिस्त्रीच्या हाताखालचे सुतार, पाथरवट आणि चुना मळणारा हे तिघं तीन आळ्यांतले. वीस वर्षं ते एका सावलीत बसून भाकरी खात आले होते. आता ते तीन झाडांखाली बसू लागले. ते बघून मिस्त्रीच्या घशाखाली घास उतरेना.

शेवटी राजानं त्याला बोलावलं.

"खाडीपलीकडच्या डोंगरगावात एकाच अंगणात मशीद, चर्च आणि यहुद्यांचं प्रार्थनाघर आहे म्हणतात. शंभर वर्षांत तिथं भांडण नाही. जा, मापं घेऊन ये आणि हुबेहूब तसंच इथं बांध. त्यानंही गाव शांत झालं नाही, तर दोन आळ्या उचलून मी खाडीपलीकडं वसवणार. रोजची कटकट मला नको."

मिस्त्री निघाला. मोजमापाला गर्दी नको, म्हणून त्यानं मुद्दाम मंगळवार निवडला.

अंगणात पाऊल टाकलं आणि तो पहिल्यांदा मापाची दोरी काढायचीच विसरला. मावळतीच्या अंगाला मशीद आणि तिच्याशेजारी यहुद्यांचं घर, उगवतीच्या अंगाला चर्च. तिन्हींची उंची एक. त्यानं ती तीनदा मोजली, बोटभरही फरक निघाला नाही. मशिदीत आणि यहुद्यांच्या घरात लोक मावळतीकडं तोंड करून प्रार्थना करत, चर्चमध्ये उगवतीकडं. म्हणजे देवापुढं उभं राहताना एकमेकांकडं पाठ. पण दारं तिन्ही अंगणातच उघडत. त्यामुळं बाहेर पडणारा प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या समोर येई. ज्या अनोळखी कारागिराला हे सुचलं, त्याच्यासाठी मिस्त्रीनं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

आतही तसंच. मशिदीची फरशी गार आणि मोकळी, बसल्या जागी मन निवावं अशी. यहुद्यांच्या घरात मखमली पडद्यासमोर तेलाचा एक दिवा टांगलेला, कधीच न विझणारा. चर्चमध्ये मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. एक दुसऱ्यासारखं दिसत नव्हतं, तरी कुठंच परकं वाटत नव्हतं. मिस्त्रीला जन्मभराचं काम फुकट गेल्यासारखंही वाटलं आणि आनंदही झाला.

फक्त तीन गोष्टी त्याला खटकल्या. एवढ्या मोठ्या अंगणाला विहीर एकच. तिला दोर एकच. आणि आत यायचं फाटकही एकच. 'इथं मात्र गड्यानं हात आखडता घेतला,' तो मनात म्हणाला. अंगणात कमरेएवढे दोन गोल ओटे होते. पोरं त्यांवर खेळत होती. ते कशासाठी ते त्याला कळलं नाही, पण हुबेहूब करायचं म्हणून त्यांचंही माप त्यानं घेतलं.

मशिदीच्या पायरीवर बांग देणारा म्हातारा बसला होता. तो हे सगळं बघत होता.

"मिस्त्री, मंगळवारी काय आलात? शुक्रवारी या. शुक्रवार, शनिवार, रविवार राहा. मग मापं घ्या."

"चाचा, गर्दीत दोरी ताणता येत नाही," मिस्त्री म्हणाला आणि संध्याकाळच्या नावेनं परतला.

वर्षभरात काम उभं राहिलं. उंची तीच, दारं तशीच, दिव्याची साखळीसुद्धा तेवढीच लांब. दोन गोल ओटेही झाले. आणि जी उणीव खटकली होती, ती मिस्त्रीनं सुधारली. तीन विहिरी खणल्या, तीन फाटकं ठेवली. कुणाचा कुणाला त्रास नको म्हणून अंगणात छातीएवढ्या भिंती घालून तीन भाग केले. विहिरींचा घडीव दगड त्यानं स्वतःच्या हातानं बसवला. एवढं सुबक काम त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. राजानं त्याला शेला दिला.

पण सुतार, पाथरवट आणि चुनावाला तीन झाडांखालीच जेवत राहिले. छातीएवढ्या भिंतींवर कुणी न कुणी एकेक थर चढवत गेलं आणि सहा महिन्यांत त्या डोक्याच्या वर गेल्या.

मग एका शनिवारी सकाळी यहुद्यांच्या घरातल्या दिव्याची साखळी तुटली. तेल सांडलं, पडदा पेटला. माणसं विहिरीकडं धावली, पण एक विहीर आणि एक दोर यांवर किती पाणी निघणार? भिंतीपलीकडं दोन विहिरी काठोकाठ भरलेल्या होत्या. तिकडच्यांना धूर दिसला. त्यांना वाटलं, यहुद्यांचं काहीतरी चाललं असेल. धर्मग्रंथ आगीतून वाचले, पण अर्धं छप्पर गेलं. संध्याकाळी यहुदी आळी म्हणाली, "त्यांनी जळू दिलं." बाकीच्या दोन आळ्या म्हणाल्या, "आम्हाला हाक कुणी मारली?"

राजा संतापला. "पुढच्या पौर्णिमेला दोन आळ्या उठतील," त्यानं सांगून टाकलं. पौर्णिमेला तीन आठवडे होते.

मिस्त्रीनं तो शेला पेटीत घातला आणि पुन्हा नाव गाठली. या वेळी शुक्रवारी.

दुपारच्या नमाजाला डोंगरगावचं अंगण माणसांनी भरलं होतं. विहिरीवर मात्र मुसलमान कुणीच नव्हता. एक यहुदी तेली घामाघूम होऊन दोर ओढत होता आणि नमाजाला आलेल्यांच्या हातापायांवर पाणी घालत होता. चर्चमधली एक बाई काठी घेऊन चपलांवर लक्ष ठेवून होती. आपल्याकडं दुसऱ्याच्या घरी पाणी भरणं हा कमीपणा. इथं मात्र तेली असा ऐटीत होता, जणू त्याच्याच घरचं लग्न आहे.

शनिवारी तोच तेली आपल्या प्रार्थनाघराच्या दारात हात जुळवून बसला होता. शेजारी रिकामा घडा. मिस्त्रीला वाटलं, आता तो कुणाला तरी हाक मारील. त्यानं मारली नाही. बांग देणारा म्हातारा आपणहून आला, घडा भरून ठेवला आणि निघाला.

मिस्त्री त्याच्या मागं गेला. "चाचा, त्यानं तुम्हाला सांगितलं कधी?"

"तो कसा सांगणार? शनिवारी ते पाणी काढत नाहीत आणि दुसऱ्याला 'काढ' असंही म्हणत नाहीत. आपल्यालाच कळावं लागतं."

"आणि तुम्हाला कळतं?"

"काल माझ्या हातावर पाणी त्यानंच घातलं ना," म्हातारा म्हणाला.

रविवारी ख्रिस्ती मंडळी चर्चमध्ये गात होती. बाहेर तेली आणि म्हातारा त्यांची रडकी पोरं खांद्यावर घेऊन फिरवत होते. म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं पोर त्याची दाढी ओढत होतं, आणि त्याला ते आवडत होतं हे कुणीही सांगितलं असतं. मिस्त्री हे बघत उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"चाचा, मी सगळं मोजलं होतं हो," तो म्हणाला. "माझं चुकलं काय?"

म्हाताऱ्यानं त्याला गोल ओट्यावर बसवलं. "हे काय आहे, ठाऊक आहे?"

"ओटा आहे. मी दोन्ही बांधलेत."

म्हातारा हसला. "तो ओटा नाही, विहीर आहे. ज्यानं हे बांधलं तोही तुमच्यासारखाच हुशार होता. त्यानंही तीन विहिरी खणल्या होत्या. माझ्या पणजोबांच्या वेळी लोक इथं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तेव्हा त्यानंच दोन बुजवल्या. स्वतःच्या हातानं."

मिस्त्री त्या रात्री झोपला नाही. आपलं सगळ्यात सुंदर काम त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. सकाळी तो परतला, राजाची परवानगी घेतली आणि पहार उचलली. आधी भिंती पाडल्या. मग दोन फाटकं चिणली. मग भिंतींचेच दगड विहिरींत टाकू लागला. कुठल्या दोन बुजवायच्या यावर त्यानं वाद होऊ दिला नाही. भर उन्हाळ्यात जिला पाणी असतं ती ठेवली, बाकीच्या बुजवल्या. पहिला दगड आत ढकलण्याआधी त्यानं घडीव कठड्यावरून एकदा हात फिरवला. तिन्ही आळ्या त्याला वेडा म्हणाल्या. निदान त्यावर तरी तिघांचं एकमत झालं.

पौर्णिमेच्या आधीचा शुक्रवार आला. राजा स्वतः फाटकाशी येऊन उभा राहिला. नमाजाला माणसं जमली. विहीर एक, दोर एक. आजवर आपापली विहीर होती; आता ही एकच कुणाची, या संकोचानं कुणीच दोराला हात लावीना. ऊन डोक्यावर आलं. मिस्त्रीला स्वतःला धावत जाऊन दोर धरावासा वाटत होता, पण त्यानं स्वतःला आवरलं. आज ते काम त्याचं नव्हतं.

तेवढ्यात जळक्या छपराच्या घरातून यहुदी आळीतला एक म्हातारा आला. आगीच्या दिवशी हात भाजून घेतलेला हाच. फडकं बांधलेल्या हातांनी त्यानं दोर धरला आणि घडा वर ओढला.

"या पुढं," तो नमाजाला आलेल्यांना कुरकुरतच म्हणाला. "उद्या माझा हात दोराला लागायचा नाही. म्हणून आज ओढतो. बाकी काही नाही."

पहिल्या माणसानं ओंजळ पुढं केली. त्याची नजर त्या फडक्यावर गेली आणि तो खाली बघू लागला. मग चर्चमधून एक बाई आली. तिनं म्हाताऱ्याच्या हातातला दोर काढून घेतला. "भाजलेल्या हातानं कसलं ओढताय, बाबा? सरा," असं म्हणून ती पाणी काढू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यहुद्यांच्या दारातला घडा भरलेला होता. तो कुणी भरला ते कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पौर्णिमा आली आणि गेली. कुठलीच आळी उठली नाही. पुढच्या आठवड्यात जळकं छप्पर नवं करायला सुतार, पाथरवट आणि चुनावाला एकत्र आले. दुपारी तिघं बुजवलेल्या विहिरीच्या गोल ओट्यावर बसले, भाकऱ्यांची फडकी सोडली आणि मिस्त्रीला हाक मारली. त्यानं पोटभर खाल्लं.

मिस्त्री कोणत्या आळीचा होता, हे तुम्हाला अजून विचारायचं असेल, तर त्या गावात जाऊन विचारा. तिथल्या लोकांना आता ते आठवत नाही.

तात्पर्य: ज्यांना एकमेकांची गरज लागते, त्यांचाच शेजार टिकतो.