काहरुबाची साक्ष

टेकगडच्या हट्टी दर्याजीराजांनी भर दरबारात पैज घेतली आणि पणाला लावली ती चांदणी घोडी. राजांना काय, पागेत आणखी चाळीस होत्या. पण चांदणीला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं ते घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या पोरीनं, हौसानं. ती तडक दरबाराच्या दाराशी धावली.

पैज होती इराणी घोडेवाल्याची. त्यानं गळ्यातला मधासारखा पिवळा मणी काढून चौरंगावर ठेवला. "आमच्या फारसीत ह्याला काहरुबा म्हणतात. तीन दिवसांत नावाचा अर्थ सांगा आणि तो खरा असल्याची खुद्द मण्याकडून साक्ष काढा. जमलं तर माझा घोडा तुमचा, नाही तर चांदणी माझी."

मुन्शी गंगोपंतांनी तीन दिवस पोथ्या चाळून अर्थ काढला, 'काहीतरी रुबाबदार'. घोडेवाला पोट धरधरून हसला. मग साक्षीसाठी कोतवालानं मण्याला बारा फटके मारले. मणी गप्पच. चौरंग तेवढा मोडला.

"आता कोण सांगतं?" राजे कडाडले.

"म्या सांगते, सरकार," हौसा पुढे आली. "ह्यांची माणसं पागेत वैरण मागताना दिसभर 'काह, काह' वरडत्यात. काह म्हंजे वाळलं गवात."

"आणि रुबा?" पंतांनी नाक मुरडलं.

"पंत, दिलरुबा म्हंजे काय वो?"

पंत चक्क लाजले. "म्हणजे... काळीज चोरणारी."

"मग काहरुबा म्हंजे गवातचोर!"

घोडेवाल्याचं हसू मावळलं. "अर्थ बरोबर आहे. पण साक्ष?"

"चोर कुठं आपणहून साक्ष देतो व्हय? त्याला मुद्देमालासकट धरायचा असतोय."

घोडेवाला पागेत येता-जाता मणी लोकरीच्या चोग्यावर पुसायचा आणि मग त्याला चिकटलेला भुसा चिडून झटकत बसायचा. हौसानं ते रोज पाहिलं होतं. तिनं मणी खांद्यावरच्या घोंगडीवर खसाखसा घासला, पदरात अडकलेली गवताची बारीक कुसळं तळहातावर घेतली आणि मणी वर धरला. कुसळं टुणकन उडाली आणि मण्याला जाऊन चिकटली.

"धरला का न्हाई, कोतवालसायेब?"

राजे इतके हसले की पगडी कानावर आली. "घोडा आमचा, आणि चांदणी तुझी, पोरी!"

"आन् तिची वैरण, सरकार?"

"ती सरकारी पागेतून," राजे डोळे पुसत म्हणाले. "फक्त ह्या चोराला गवताच्या गंजीकडे फिरकू देऊ नकोस!"