चिखलाचा जयजयकार

एकदा एक वृद्ध तांडेल आपल्या शिष्याच्या हाती प्रथमच गलबत सोपवून स्वस्थ बसला होता. ही सफर सुखरूप पार पडली, तर शिष्य स्वतः तांडेल होणार होता.

बंदर जवळ आले आणि दाट धुके उतरले. किनारा दिसेना. शिष्याने दोरीला बांधलेला शिशाचा गोळा समुद्रात सोडला, तळ लागताच दोरी मोजली आणि ओरडला, "बारा वाव! बाबा, खाडीच्या तोंडाशीच आलो की! घेऊ आत?"

गलबतावरच्या व्यापाऱ्याचा जीव भांड्यात पडला. "घ्या, घ्या! उशीर नको!"

वृद्धाने गोळा उलटा करून पाहिला. गोळ्याच्या बुडाशी खळगा असतो आणि त्यात चरबी भरायची वहिवाट आहे. शिष्याने पहिल्या सफरीच्या हौसेने तो घासूनपुसून लख्ख केला होता. उत्साही माणसे चुकतात ती अशीच. वृद्धाने व्यापाऱ्याच्या मालातले थोडे मेण मागून घेतले, खळग्यात दाबून बसवले आणि म्हणाला, "पुन्हा सोड."

"अहो, खोली कळली ना एकदा!" व्यापारी वैतागला.

गोळा वर आला. मेणाला शिंपल्यांचे तुकडे आणि भरड वाळू चिकटली होती.

वृद्ध शांतपणे म्हणाला, "अरे, बारा वाव पाणी खाडीपुढे आहे, तसंच उत्तरेच्या खडकांपुढेही आहे. पाणी किती, ते दोरी सांगते. आपण कुठं, ते तळ सांगतो. खडकावरचे शिंपले लाटांनी फुटून तिथंच पडतात. खाडीत येणारी नदी मात्र डोंगराची माती वाहून आणते आणि आपल्या दारात टाकते. ते दार तू शोध. सुकाणू तुझ्याच हाती आहे."

शिष्याने खडकांना पाठ दाखवून गलबत दक्षिणेला वळवले. तो पुनःपुन्हा गोळा सोडू लागला. शिंपले संपले. वाळू बारीक होत गेली, मग राखाडी झाली. अखेर शिष्याने मेणावर बोट फिरवले आणि गर्जना केली, "चिखल! काळा, मऊ चिखल!"

चिखलाचा एवढा जयजयकार कुठे झाला नसेल. खलाशी नाचू लागले. शुभ्र वस्त्रांतल्या व्यापाऱ्याने तोच चिखल बोटाने कपाळाला लावला. इतक्यात समोरून धक्क्यावरच्या माणसांच्या हाका ऐकू आल्या.

वृद्ध उठला, दोर खांद्यावर घेऊन शिष्यासमोर उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "तांडेल, गलबत कुठं बांधू?"