करंजवाडीची सगुणा

निळ्या डोंगराच्या कुशीत आंबेवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. तिथे एका एवढ्याशा झोपडीत रेणू तिच्या आईसोबत राहायची. आई बांबूच्या टोपल्या विणायची आणि रेणू दिवसभर तिच्याजवळ बसून कामट्या सोलायची. सोलता सोलता तिची नाजूक बोटं लाल होऊन जात. काम संपायचं तेव्हा सूर्य डोंगराला टेकलेला असायचा. खेळायला उरायचा तो केशरी उजेडाचा एक चिमुकला तुकडा.

रेणू गावातल्या मुलांच्या बेसबॉल संघाची कप्तान होती. दांडक्यानं चेंडू फटकवायचा आणि चार थांब्यांना शिवून धावत यायचं, असा तो खेळ. पण आंबेवाडी नेहमी हरायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या मधून चेंडू सुर्रकन निसटून जायचा. यंदा शेजारच्या पळसगावाकडून हरलो तर संघच मोडायचा, असं मुलांनी ठरवलं होतं.

अशात करंजवाडीच्या कप्तानाचा निरोप आला. त्यांच्याकडे सगुणा नावाची मुलगी होती, तिच्या हातून एकही चेंडू सुटत नसे. ती घ्या आणि तुमचा गोपू आम्हाला द्या, असं त्यानं कळवलं होतं. गोपू चेंडू थेट ढगांपर्यंत उडवायचा, पण चेंडू अंगावर आला की तो डोळे मिटून घ्यायचा, म्हणून त्याला तो अडवता येत नसे. सगळे म्हणाले, करून टाकू अदलाबदल. गोपू मात्र दांडकं खाली ठेवून घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विचार करत रेणू आमराईत गेली. तिथे जाईचं एक रोपटं उन्हानं मलूल झालं होतं. रेणूनं आपल्या तांब्यातलं सगळं पाणी त्याला घातलं. त्याबरोबर पांढऱ्याशुभ्र कळ्या फुलल्या आणि त्यांतून चांदीच्या पंखांची एक इवलुशी परी बाहेर आली.

"एक इच्छा माग," परी हळुवारपणे म्हणाली. "आज सूर्य मावळायच्या आत मागायची. मागितलेलं परत करता येणार नाही. आणि तुझ्या इच्छेनं ज्यांना घर किंवा सवंगडी सोडावे लागतील, त्यांना आधी विचारायचं."

रेणूच्या ओठांवर सगुणाचं नाव आलं होतं, ते तिनं गिळलं. ती आधी गोपूकडे गेली.

"तू सांगशील तर जाईन," गोपू म्हणाला. बोलताना त्यानं मान वर केली नाही.

मग ती पायवाटेनं करंजवाडीला गेली. सगुणा अंगणात धाकट्या भावाला भात भरवत होती. तो रोज तिच्यासोबत मैदानावर यायचा, आंबेवाडी मात्र त्याच्या पावलांना फार लांब होती.

"मला नाही यायचं," सगुणा म्हणाली. "पण मला विचारलंस ते तू एकटीनंच. चेंडू कसा अडवायचा ते हवं तर शिकवीन. शिकायला तुझ्याकडे वेळ आहे का?"

वेळच तर नव्हता. रेणू धावत आमराईत परतली.

"परी, कुणालाच कुठे नेऊ नकोस," ती म्हणाली. "आमच्या गावची संध्याकाळ तेवढी थोडी लांबव."

परीनं पंख हलवले. त्या दिवसापासून आंबेवाडीवर सोनेरी उजेड घटकाभर जास्त रेंगाळू लागला. भावाला कडेवर घेऊन सगुणा पायवाटेनं येई. गुडघे वाकव, चेंडूवरची नजर काढू नकोस, असं ती रेणूला आणि गोपूला पुन्हा पुन्हा सांगे. रेणू कितीदा तरी पडली, गुडघे सोलवटले, तरी उठत राहिली.

सामन्याच्या दिवशी गोपूनं एक चेंडू पार ओढ्यापलीकडे उडवला आणि आंबेवाडी एका धावेनं पुढे गेली. मग पळसगावाच्या शेवटच्या मुलानं जोरात फटका मारला. चेंडू जमिनीलगत त्याच मोकळ्या जागेकडे सुसाटत निघाला. रेणू वाकली. चेंडू धपकन तिच्या हातमोज्यात बसला. तिनं तो पहिल्या थांब्याकडे फेकला, तिथे गोपू होता. त्यानं डोळे मिटले नाहीत, पळसगावाचा मुलगा तिथे पोचायच्या आत चेंडू घट्ट धरला. मुलगा बाद झाला आणि आंबेवाडी जिंकली.

सगळे त्या दोघांभोवती नाचू लागले. रेणूनं मान वळवली तेव्हा मैदानाच्या कडेला, सगुणाच्या भावाशेजारी, गवतावर परी बसलेली दिसली. परी तिच्याकडे बघून हसली, तिचे पंख मोत्यांसारखे उजळले आणि ती त्या उजेडातच विरघळून गेली. सगुणाचा भाऊ रिकाम्या गवताला हात हलवून टाटा करत राहिला.