कथेतला राजा कोण?

धारवली संस्थानात नवी कथा छापण्याआधी दरबारात वाचून दाखवावी लागे. त्या दिवशी द्वारकाबाई आपली कथा वाचत होत्या. कथेतल्या उलट्या काळजाच्या राजाचं वर्णन ऐकता ऐकता रणधीरराव महाराज ताडकन उठले आणि त्यांनी तलवार उपसली.

"हा राजा म्हणजे मीच ना? खरं बोला, नाहीतर हात कलम करीन!"

बाईंनी हातातल्या कागदांवरून नजर वर उचलली.

"सरकार, शेवटचं पान वाचायचं राहिलंय. त्यात तो राजा भर दरबारात कथा लिहिणारीचे हात तोडतो. तो आपणच की दुसरा कुणी, हे आता सरकारांनीच ठरवावं."

महाराजांनी हातातल्या तलवारीकडे पाहिलं. मग त्यांनी तलवार म्यान केली.

"छे! हा दुसराच कुणीतरी दिसतोय. वाचा पुढे."

बाईंनी पान उलटलं आणि त्या वाचू लागल्या. ते पान कोरं होतं.