करडईची भरली वाटी

“वय झालं, आता मरनारच,” म्हनं. हे काय बोलनं झालं? शेजारी हाय माझा. आज हितं आला न्हाई, न्हाईतर तोंडावर सांगितलं असतं. त्याचा म्हातारा पोपट पिंजऱ्यात वाळत चाललाय आन हा म्हनतो, वाटी तर भरलेली हाय, मी काय करू. अरं, त्या कुनब्याच्या पोपटाचीबी वाटी भरलेलीच व्हती. ऐका, ल्हान-थोर समदे ऐका.

लई मागं, कुठल्याशा गावात एक कुनबी राहायचा. धान उफनावं तर त्यानंच. वारा सुटला की पाटी वर धरायचा. दाना खाली, भुसकाट पल्याड. डोक्यानं तापट, पर हात चोख.

घरात तो आन त्याची म्हातारी आई. आन वळचनीला टांगलेला एक पोपट, कुनबी पोरगा असल्यापास्नंचा. रोज सकाळी कुनबी विचारायचा, “जेवलास का रं?”

पोपट म्हनायचा, “जेवलास का रं?”

कुनबी हसायचा. वाटीकडं बघायचा. करडई भरलेली दिसली की रानात जायचा.

एका सुगीला पोपट बोलायचा थांबला. पिसं गळाली, छातीचं हाड वर आलं.

कुनब्याला काय उमजंना. वाटी भरलेली आन पाखरू उपाशी. कोन म्हनालं दिष्ट लागली, त्यानं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. कोन म्हनालं जागा बदल, त्यानं पिंजरा ओसरीवर आनला. कोन म्हनालं सोडून दे. त्यानं दार उघडलं, तर पोपट दारापत्तूर आला आन परत जागेवर जाऊन बसला.

“जायाचं न्हाई, खायाचं न्हाई, मग तुला पायजे तरी काय?” कुनबी म्हनाला. आन रागाच्या भरात त्यानं वाटी वढून अंगनात भिरकावली.

खाली दाना पडलाच न्हाई. समदं वाऱ्यावर उडून गेलं. नुसती टरफलं.

पोपट दाना खायाचा, टरफल वाटीतच टाकायचा. वरनं वाटी भरलेलीच दिसायची. साऱ्या गावाचं धान उफननाऱ्या मानसानं घरातल्या वाटीवर एक फुंकर कधी मारली न्हवती.

मग ताजी करडई घातली. पोपटानं दाना चोचीत धरला, दाना निसटला. परत धरला, परत निसटला. आता हे काय नवीन?

आई ओसरीच्या कोपऱ्यातनं म्हनाली, “माझं दात गेलं तवा मला भाकर कुस्करून द्याय लागलास. त्याच्या चोचीतला जोर गेला, त्याला कोन देनार?”

कुनब्यानं मूग भिजवून मोड आनलं. पेरू बारीक चिरला. शेवग्याचा कवळा पाला तोडून आनला. पोपटानं मूग-पेरूला जराशी चोच लावली, पर पाल्याकडं पाठ केली. जलमभर करडई खाल्लेली, त्याला हिरवं काय ठावं. कुनब्याचं डोस्कं परत तापलं, पर वाटीला हात लावायची आता त्यालाच भीती वाटत व्हती. तो पिंजऱ्यापुढं मांडी घालून बसला आन तोच पाला सवता चघळाय लागला.

आई म्हनाली, “पिंजऱ्यात कुनाला घालायचं ते एकदा ठरव.”

रोज तो चघळायचा आन पोपट मान वाकडी करून बघायचा. मग एका सकाळी पोपटानं त्याच्या बोटातनं पान वढून घेतलं. हळूहळू छातीवर मास आलं, नवी पिसं फुटली. आन एक दिस कुनबी रानात निघाला, तवा मागनं आवाज आला.

“जेवलास का रं?”

कुनबी तिथनंच माघारी वळला. वाटी उचलली, फुंकर मारली, तळाचा दाना बघितला. मगच म्हनाला, “जेवलो बाबा.”

नुसतं विचारून कुनाचं पोट भरत न्हाई; ज्याचा घास आपल्या हातात, त्याची वाटी हलवून बघावी.

शेजाऱ्याचा पोपट अजून जित्ता हाय. माझं तोंड बघत बसू नका. उठा, त्याच्या दारात जा, पिंजरा उतरवा आन त्या वाटीवर फुंकर मारा.